‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’: नशेने झालेल्या मृत्यूच्या तपासाचा मागोवा

‘मृत्यूचे नेमके कारण स्पष्ट झालेले नाही, व्हिसेरा राखून ठेवण्यात आला आहे.’ छत्रपती संभाजीनगरच्या वर्तमानपत्रांत हे वाक्य इतक्यांदा छापून येते की वाचणाऱ्याची नजर त्यावर अडखळतसुद्धा नाही. घाटीच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या, शवविच्छेदनगृहात या वाक्यामागे एक ठरलेला विधी असतो. एका रुंद तोंडाच्या बरणीत जठर, त्यातल्या द्रव्यासह, आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा हातभर तुकडा. दुसऱ्या बरणीत यकृताचा सुमारे अर्धा किलोचा भाग, प्लीहेचा तुकडा आणि दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग. त्यावर मिठाचे संपृक्त द्रावण, म्हणजे आणखी मीठ विरघळणारच नाही इतके खारे पाणी. बरणी गळ्यापर्यंत भरायची नाही, वायू धरतो म्हणून एक तृतीयांश जागा मोकळी ठेवायची. रक्त वेगळ्या कुपीत सोडियम फ्लोराइड घालून. जे मीठपाणी वापरले त्याचाही नमुना सोबत, पुढे कोणी त्यावरच शंका घेऊ नये म्हणून. मग कापड, दोरा, लाखेचे सील आणि सीलचा नमुना. पोलीस शिपाई हे सारे घेऊन प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो आणि नातेवाइकांची ‘सीए रिपोर्ट’ची वाट पाहणे सुरू होते. या विधीतला एकेक तपशील कोणत्या ना कोणत्या काळाने घालून दिलेला आहे. तो काळ शोधत आपण मागे जाऊ, म्हणजे नशेच्या गोळ्यांनी गेलेल्या आजच्या तरुणाच्या मृत्यूपुढे हीच यंत्रणा का अडखळते, हेही दिसेल.

सुरुवात करू ती या शहराला पूर्वी आपले नाव देणाऱ्या बादशहाच्या दरबारापासून. औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून इथे राहिला, मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीचे औरंगाबाद झाले, आणि पुढे तो दिल्लीच्या तख्तावर बसला. १६६१ साली दारा शुकोहचा मुलगा सुलेमान शुकोह कैद होऊन त्याच्यासमोर उभा राहिला, तेव्हा फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये दरबारात हजर होता. त्या राजपुत्राने काकाकडे एकच मागणे मागितले: मारायचेच असेल तर आताच मारा, पण मला पोस्त पाजू नका. पोस्त म्हणजे अफूची बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजवलेला अर्क. ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या राजबंद्यांना तो रोज सकाळी अनशापोटी देत आणि पेला रिकामा होईतो अन्न देत नसत, असे बर्निये लिहितो. माणूस हळूहळू सुकत जाई, बुद्धी मंदावे आणि एक दिवस तो संपे. औरंगजेबाने पोस्त न पाजण्याचे वचन दिले. सुलेमान शुकोह मात्र १६६२ साली ग्वाल्हेरलाच मेला. अमली पदार्थाने होणारा मृत्यू ओळखणारी नजर त्या काळीही होती, हे बर्नियेच्या वर्णनातून कळते. नव्हती ती कारणाची नोंद मागणारी सत्ता. जखमेची खूण नाही, रक्त नाही, वार नाही. राजाला असा मृत्यू सोयीचा होता तो नेमका याच कारणाने.

पुढची दीडशे वर्षे या विद्येत फारसे काही घडले नाही. एकोणिसावे शतक उजाडले आणि युरोपात एकापाठोपाठ एक दारे उघडली. १८०५ च्या सुमारास झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्याने अफूतून मॉर्फीन वेगळे काढले. १८१४ मध्ये ऑर्फिलाचा विषांवरचा ग्रंथ पॅरिसमध्ये निघू लागला. १८३६ मध्ये जेम्स मार्शने सोमलाची अशी चाचणी दिली की काचेवर उमटलेला काळा चकचकीत डाग न्यायाधीशाला डोळ्यांनी पाहता यावा. तरीही वनस्पतिज विषे हुलकावणी देत राहिली, कारण शरीरात शिरल्यावर ती मांसात मिसळून जात. ती कोंडी १८५० मध्ये बेल्जियममध्ये फुटली. बोकार्मे नावाच्या सरदाराने आपल्या मेहुण्याला निकोटीन पाजून मारले होते. झां स्तास या रसायनज्ञाने मृताचे अवयव अल्कोहोल आणि आम्लात मुरवले, मग ते द्रावण अल्कलीयुक्त करून ईथरमध्ये विष उतरवून घेतले. ऑटोने सुधारलेली ही स्तास-ऑटो पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुजली आणि न्यायवैद्यक शिकणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला आजही पाठ करावी लागते. अवयव राखून ठेवण्याला अर्थ आला तो तिथून.

हिंदुस्थानात ही विद्या आली ती कंपनी सरकारच्या एका विशिष्ट धास्तीपोटी. वाटसरूंना धोतऱ्याचे बी चारून लुटणाऱ्या टोळ्या, सोमल विकणारे बाजार, घरातली भांडणे: नॉर्मन शेव्हर्सने १८५६ साली प्रसिद्ध केलेल्या न्यायवैद्यकाच्या जाड ग्रंथात अशा प्रकरणांची रास आहे. मद्रासला १८४९ मध्ये, कलकत्त्याला १८५३ मध्ये, आग्र्याला १८६४ मध्ये आणि मुंबईला १८७० मध्ये रासायनिक परीक्षणाची सरकारी प्रयोगशाळा उभी राहिली. मुंबईतल्या अधिकाऱ्याला ‘केमिकल अॅनालायझर’ म्हणत. आपण आज ज्याला ‘सीए’ म्हणतो तो हाच. त्या पिढीची साधने साधी होती, नजर मात्र तीक्ष्ण. ओकारीत सापडलेले बी मिरचीचे की धोतऱ्याचे, हे ते आकारावरून ठरवत: मिरचीचे गोलसर, धोतऱ्याचे मूत्रपिंडासारखे. शंका उरली तर अर्काचा थेंब मांजराच्या डोळ्यात टाकत. बाहुली विस्फारली की धोतरा. ग्रंथ लिहिणारे आयसिडोर लायन हे मुंबईचेच अॅनालायझर, आणि १९२० साली ज्यांचे पुस्तक आले ते जयसिंग मोदी त्याच परंपरेचे. मोदींचे पुस्तक आजही वकिलांच्या टेबलावर असते.

या मुंबईच्या प्रयोगशाळेला महत्त्व चढले ते एका मराठी राजाच्या प्रकरणाने. ९ नोव्हेंबर १८७४ च्या सकाळी बडोद्याचा रेसिडेंट कर्नल फेअर याने फिरून आल्यावर पपनसाच्या सरबताचे दोन घोट घेतले. चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेले फेकले, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो तपासला, मुंबईच्या डॉ. ग्रे यांनी पुन्हा तपासला: सोमल आणि हिऱ्याची पूड. मल्हारराव गायकवाडांवर आयोग बसला. तीन इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव या तिघांना वाटला नाही. मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले गेले ते मात्र गैरकारभाराचे कारण पुढे करून. पेल्यात सोमल आहे हे रसायनशास्त्र छातीठोकपणे सांगू शकले. तो कोणाच्या हुकमाने आला हे सांगणे त्याच्या हातचे नव्हते. तरीही ‘विष सापडले का?’ हाच प्रश्न सरकारी प्रयोगशाळेपुढे कायमचा ठेवला गेला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने अॅनालायझरचा लेखी अहवाल त्याला साक्षीला न बोलावताही ग्राह्य मानला, ती सवलत १९७३ च्या संहितेत कलम २९३ म्हणून टिकली, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मध्ये आली.

हे सारे इंग्रजी मुलखात चालले होते. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, आणि त्या राज्यात याच सुमारास एक निराळा प्रश्न विचारला गेला, ज्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी शस्त्रक्रियेला क्लोरोफॉर्म देत. क्लोरोफॉर्मने अधूनमधून रुग्ण दगावत. लॉरींचे म्हणणे असे की हृदय बंद पडत नाही, आधी श्वास थांबतो, म्हणून नाडीकडे न पाहता श्वासाकडे पाहावे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खर्चाने १८८८ मध्ये पहिला आणि १८८९ मध्ये दुसरा ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म आयोग’ बसला. ‘लॅन्सेट’च्या वतीने लॉडर ब्रंटन लंडनहून आले, दुसऱ्या आयोगाने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले, रूपाबाई फर्दुनजी ही पारशी तरुणी या कामात होती, जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत तिचे नाव घेतात. आयोगाचा निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला आणि तो चुकीचा ठरला. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की हलक्या भुलीत हृदयाचे स्नायू थरथरून प्राण्याला अचानक मरण येऊ शकते. पण उत्तर चुकले म्हणून प्रश्नाचे मोल कमी होत नाही. इथे कोणी खुनी नव्हता. औषधाने माणूस मरतो तो कोणत्या वाटेने, किती मात्रेने, कोणत्या अवस्थेत, हे विचारले गेले. मुंबईची परंपरा विष शोधत होती, हैदराबादची परंपरा मरणाची रीत शोधत होती. कायद्याने पहिलीला पंखाखाली घेतले. दुसरी भूलतज्ज्ञांच्या इतिहासात जाऊन बसली.

मधल्या काळात सर्वसामान्य माणूस अमली पदार्थाने मरत नव्हता असे नाही; तो मोजला जात नव्हता. १८७८ च्या अफू कायद्याखाली सरकार स्वतःच परवाना देऊन अफू विकत होते. मुंबईच्या चाळींत गिरणीवर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन निजवत. मुलगा दिवसभर शांत राही, आणि कधी कधी उठतच नसे. इंग्रजी अमलातल्या खेड्यांत मृत्यूची नोंद गावचा पाटील देई आणि तिच्यात ताप, पटकी, देवी, हगवण, इजा असे मोजके रकाने असत. ज्याचा पत्ता लागत नसे तो ‘ताप’. अफूने निजलेले मूल कोणत्या रकान्यात गेले असेल ते आपण ताडू शकतो. १८९३ मध्ये बर्तियोंने मृत्यूच्या कारणांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण मांडले. त्याच वर्षी भारतात अफूवर एक आणि गांजा-भांगेवर एक असे दोन मोठे आयोग बसले. त्यांनी व्यसन, महसूल, वेड यांवर शेकडो साक्षी घेतल्या. स्वतंत्र भारताने औषधाखेरीज अफू खाणे १९५९ पर्यंत बंद करण्याचे ठरवले, तोवर नोंदणीकृत अफीमबाज ही सरकारी दप्तरातली एक रीतसर वर्गवारी होती.

आता आपण १९५६ सालाशी थोडे थांबू, कारण त्या एका वर्षात या गोष्टीचे तीन धागे जुळतात. १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला आणि मुंबईची दप्तरपद्धती इथल्या पोलीस ठाण्यांना लागू झाली. त्याच वर्षी औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि १२ नोव्हेंबरच्या रात्री पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत डॉ. अनंत चिंतामण लागू आपली रुग्ण असलेल्या एका श्रीमंत विधवेला घेऊन बसले. पहाटे ती बेशुद्धावस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात पोचली आणि दुपारच्या आत गेली. डॉक्टरांनी तिचे नाव खोटे सांगितले. तिला मधुमेह होता, म्हणून रुग्णालयाच्या कागदावर कारण लागले ‘डायबेटिक कोमा’. पुढे शवविच्छेदन झाले, व्हिसेरा तपासला गेला, आणि अहवाल आला: विष आढळले नाही. तरीही खटला उभा राहिला. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी फाशी कायम केली. बहुमताने म्हटले त्याचा आशय असा की, वैद्यकाचे ज्ञान असलेला माणूस माग न सोडणारे द्रव्य वापरू शकतो, म्हणून प्रयोगशाळेचा नकार हा निर्दोषतेचा दाखला होत नाही. संधी, हेतू, खोट्या सह्या आणि मृत्यूनंतरचे वर्तन मिळून पुरावा होतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना लागू खटला परिस्थितिजन्य पुराव्यासाठी शिकवतात. मृत्यूच्या प्रमाणपत्रासाठीही तो शिकवावा असा आहे: जुना आजार हाताशी असला की कारणाचा रकाना किती पटकन भरून निघतो, ते त्यात दिसते.

तीस वर्षांनी, १९८६ मध्ये, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन गेले. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल पाजले होते, आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. प्रत्येक मृत्यू एकेकटा पाहिला तर आजारी माणूस आजाराने गेला एवढेच दिसत होते. सगळ्यांना दिलेली औषधाची बाटली एक, हे लक्षात आल्यावर गोष्ट उलगडली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची साखळी उघडी केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतली अनेक नागपूरच्या रुग्णालयांत. औषधात तेच डायएथिलीन ग्लायकॉल होते. तिथेही सुरुवातीला मेंदूज्वराचा संशय घेतला गेला.

त्याच १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि अनिता अवचटांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. मुंबई-पुण्यात ‘गर्द’, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, शिरले होते आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायदा लागू झाला होता. त्या कायद्याने प्रयोगशाळेचे काम पालटले. आता पुडीतली पावडर काय आहे, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर ती किती ग्रॅम आहे, यावर वर्षांची शिक्षा ठरू लागली. जप्तीचा माल हा प्रयोगशाळेकडे येणारा मोठा ओघ झाला आणि मालाचे मोजमाप अचूक होत गेले. त्या मालाने मेलेल्या माणसाच्या रक्तातले मोजमाप मात्र मागेच राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोन आणि २०१८ मध्ये ट्रामाडॉल या कायद्याच्या यादीत आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने छत्रपती संभाजीनगर आणि पैठणच्या औद्योगिक वसाहतीत छापे टाकून कोट्यवधींचे अमली पदार्थ पकडले, तेव्हा हे शहर देशाच्या बातम्यांत आले. पण इथल्या गल्लीतली रोजची नशा असते ती बटन गोळ्यांची: झोपेचे औषध नायट्राझेपाम, नाहीतर चिंतेवरचे अल्प्राझोलाम, औषध दुकानाच्या मागल्या दाराने आलेले आणि दारूबरोबर घेतलेले.

अशा एका मृत्यूपाशी आता आपण येऊन पोचलो आहोत. समजा, मे महिन्यात बंद खोलीत दोन दिवसांनी देह सापडला. पोलीस नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा होतो, देह घाटीत येतो, बरण्या भरतात. नायट्राझेपामला कुजत्या देहातले जिवाणू सोडत नाहीत. ते त्याचे रूपांतर ७-अमिनोनायट्राझेपाममध्ये करून टाकतात. मूळ द्रव्य तेवढे शोधले तर अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहून येणे अगदी शक्य आहे. कित्येक द्रव्ये मृत्यूनंतर अवयवांतून हृदयाच्या रक्तात झिरपतात, म्हणून मात्रा ठरवायची तर रक्त मांडीच्या शिरेतून घ्यावे लागते. आणि खाऱ्या पाण्यात मुरलेल्या अवयवांच्या तुकड्यांवरून किती गोळ्या घेतल्या, हे सांगणे कठीणच. हे मीठपाणी सोमलाच्या आणि धोतऱ्याच्या काळातल्या प्रश्नाला पुरेसे होते: आहे की नाही? आजचा प्रश्न किती, कशाबरोबर आणि कोणाच्या शरीरात, असा आहे. रोज घेणाऱ्याला जी मात्रा पचते तीच सुधारगृहातून महिन्याने बाहेर पडलेल्याला मारते. नव्या संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले. आकस्मिक मृत्यूत गुन्हाच नसतो, म्हणून रिकाम्या पाकिटांकडे पाहायला तज्ज्ञ येईलच असे नाही.

मग राहतो कागद. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मृत्यूच्या कारणाचा जो नमुना ठरवला, तोच १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या नमुना ४ मध्ये आहे: आधी तात्कालिक कारण, खाली त्यामागचे, त्याखाली मूळ, आणि दुसऱ्या भागात हातभार लावणारे आजार. मूळ कारणाच्या जागी ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडून’ असे लिहिणे ही जुनी खोड. हृदय आणि श्वास प्रत्येकाचेच बंद पडतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत अमली पदार्थाने अपघाती मृत्यू असेल तर एक्स-४२, हेतुपुरस्सर असेल तर एक्स-६२ आणि ठरवता आले नाही तर वाय-१२ असे स्वतंत्र संकेतांक आहेत. पण देह ताब्यात देताना कारण राखीव असते, आणि महिन्यांनी आलेला सीए रिपोर्ट पोलिसांच्या फाइलीत जातो, तिथून डॉक्टरांच्या अंतिम अभिप्रायासाठी. घातपात नाही असे ठरले की फाइल बंद होते. महापालिकेच्या नोंदवहीत जी पहिली नोंद पडली ती बदलायला कोणी जात नाही, जरी त्याच कायद्याचे कलम १५ नोंद दुरुस्त करू देते.

असे हे दोन शतकांचे ओझे आहे. मारेकऱ्याला पकडायला बांधलेली यंत्रणा आपल्याला मिळाली, आणि मारेकरी नसलेला मृत्यू तिच्यासमोर येऊन पडला. शहरात आता न्यायसहायक विज्ञानाची शासकीय संस्था आहे, प्रयोगशाळा आहे, सत्तर वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. निजामाच्या राज्यातला प्रश्न आणि मुंबईच्या अॅनालायझरचा प्रश्न एकाच मागणीपत्रावर लिहायला नवा कायदा लागत नाही. देहाजवळ कोणती पाकिटे सापडली आणि देह किती तास पडून होता हे डॉक्टरांनी व पोलिसांनी प्रयोगशाळेला कळवावे, मांडीचे रक्त वेगळे पाठवून मूळ द्रव्याबरोबर त्याचे अवशेषही शोधायला सांगावे, आणि अंतिम अभिप्रायाची एक प्रत जन्म-मृत्यू निबंधकाकडे जावी. ती गेली नाही तर या शहरात बटन गोळ्यांनी दरसाल किती माणसे जातात, या प्रश्नाला खेड्यातल्या पाटलाने दिलेलेच उत्तर महापालिकेला द्यावे लागेल, फक्त ‘तापा’च्या जागी ‘हृदयक्रिया बंद’ असे लिहून.